अमेरिकन फुटबॉल: संघाचा पास रश खरोखर किती चांगला आहे, हे कसे तपासावे

पास रश म्हणजे पास टाकू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूवर) बचावफळीने केलेली चढाई; त्याने चेंडू सोडण्याआधीच त्याला पाडले की तो सॅक. २०२२च्या हंगामात फिलाडेल्फिया ईगल्सच्या बचावफळीने नियमित सामन्यांत ७० सॅक केले. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात तोवर एका हंगामात त्याहून जास्त सॅक दोनच संघांना जमले होते: १९८४च्या शिकागो बेअर्सना ७२ आणि १९८९च्या मिनेसोटा व्हायकिंग्जना ७१. ईगल्सच्या हासन रेडिक, जेव्हॉन हारग्रेव्ह, जॉश स्वेट आणि ब्रँडन ग्रॅहम या चौघांनीही दहाचा आकडा ओलांडला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये हा संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, कॅन्सस सिटी चीफ्ससमोर उभा राहिला, तेव्हा त्याला त्यांच्या पॅट्रिक महोम्स या क्वार्टरबॅकचा एकही सॅक करता आला नाही आणि चीफ्सनी सामना ३८-३५ असा जिंकला. फेब्रुवारी २०२५मध्ये हेच दोन संघ पुन्हा अंतिम सामन्यात भेटले. त्या हंगामातले ईगल्सचे सॅक सत्तरच्या जवळपासही नव्हते, पण या वेळी त्यांनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे चढाईसाठी चारांहून जास्त खेळाडू (रशर) न पाठवता, महोम्सला सहा वेळा सॅक केले आणि ४०-२२ असा विजय मिळवला.

ही तफावत समजून घ्यायची असेल, तर सॅक म्हणजेच पास रश हे समीकरण बाजूला ठेवावे लागते. एका सॅकमागे रशरचे कौशल्य असते, तसाच क्वार्टरबॅकचा चेंडू फार वेळ धरून ठेवण्याचा स्वभाव असतो, मागच्या फळीचे कव्हरेज (पास झेलणाऱ्यांना झाकून ठेवणे) असते, गुणफलक असतो, डाउन (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी मिळणाऱ्या चार डावांपैकी कितवा) आणि उरलेले अंतर असते आणि समोरच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधले (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच ब्लॉकरच्या रांगेतले) कोण जायबंदी आहे हेही असते. माझ्या मते चांगल्या पास रशची कसोटी अशी आहे: केवळ चार माणसे पाठवून, साधारण अडीच सेकंदांच्या आत, भक्कम लाइनसमोर तो क्वार्टरबॅकची लय मोडू शकतो का? पुढच्या साऱ्या पायऱ्या या प्रश्नाचे उत्तर पुराव्यानिशी देता यावे म्हणून आहेत.

सॅकच्या संख्येचे प्रमाण काढा

सुरुवात सॅकपासूनच करावी, कारण हा आकडा सर्वांना सहज मिळतो. मात्र संख्या तशीच घेऊ नये. प्रतिस्पर्ध्यांनी किती वेळा पास करायचा प्रयत्न केला, त्यावर सॅकची संधी अवलंबून असते. म्हणून प्रतिस्पर्ध्यांचे पास आणि त्यांचे झालेले सॅक यांची बेरीज करावी आणि सॅकना त्या बेरजेने भागावे. अलीकडच्या हंगामांत लीगची सरासरी सहा ते सात टक्क्यांच्या आसपास राहिली आहे. आठ टक्क्यांच्या पुढे असलेला संघ दखल घेण्याजोगा आहे, आणि पाच टक्क्यांच्या खाली असलेल्या संघाला काहीतरी स्पष्टीकरण द्यावे लागेल.

समजा, ‘अ’ संघाविरुद्ध ६५२ पास झाले आणि त्याने ४८ सॅक केले. ४८ भागिले ७०० म्हणजे ६.९ टक्के. ‘ब’ संघाविरुद्ध ५०८ पास झाले आणि त्याने ४२ सॅक केले. ४२ भागिले ५५० म्हणजे ७.६ टक्के. यादीत ‘अ’ वर दिसतो, प्रमाणात ‘ब’ पुढे जातो. येथे थांबणारे बरेच आहेत. आपण हे दोन संघ हाताशी ठेवून पुढे जाऊ, कारण पुढच्या पायरीवर हा निकाल पुन्हा फिरणार आहे.

प्रत्येक सॅक सारख्या कष्टाचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे. जानेवारी २००२मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या मायकेल स्ट्रेहनने हंगामातला २२.५वा सॅक नोंदवून तेव्हाचा विक्रम केला. त्या डावात ग्रीन बेचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह चेंडू घेऊन बाहेरच्या बाजूला धावला, स्ट्रेहन समोर येताच स्वतःच जमिनीवर आडवा झाला, आणि स्ट्रेहनने त्याला फक्त हात लावला. नोंदवहीत तो सॅक इतर कोणत्याही सॅकइतकाच ठरतो. त्या हंगामात स्ट्रेहन असामान्य खेळला होता यात शंका नाही, पण त्या विशिष्ट सॅकने त्याच्या पास रशबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

प्रेशर मोजा, आणि ते कोण मोजतो हे पाहा

प्रेशर म्हणजे सॅक, चेंडू सोडताना क्वार्टरबॅकला बसलेला धक्का, आणि धक्का न बसताही घाईने चेंडू टाकायला किंवा जागा सोडायला लावणारी चाल, अशा सर्वांची बेरीज. क्रिकेट पाहणाऱ्याला हे चटकन उमगेल: षटकामागून षटक बॅटची कड चुकवणाऱ्या गोलंदाजाच्या खात्यात बळी नसला, तरी तो चांगली गोलंदाजी करतो आहे हे पाहणाऱ्याला कळत असते.

फेब्रुवारी २०१४च्या सुपर बोलमध्ये सिएटल सीहॉक्सनी पेटन मॅनिंगच्या डेन्व्हर ब्रॉन्कोजचा ४३-८ असा फडशा पाडला. सिएटलच्या खात्यात त्या दिवशी एकच सॅक होता. पण दुसऱ्या क्वार्टरमध्ये क्लिफ अ‍ॅव्हरिलने मॅनिंगच्या फेकत्या हाताला धक्का दिला, चेंडू हवेत लटपटला आणि माल्कम स्मिथने तो अडवून ६९ यार्ड पळत टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेला. सॅकच्या रकान्यात या क्षणाची नोंद शून्य आहे. जानेवारी २०२२मधला टेनेसी टायटन्सचा सामना याच्या उलट टोकाचा आहे: त्यांनी सिनसिनाटीच्या जो बरो या क्वार्टरबॅकचे नऊ सॅक केले आणि तरीही ते घरच्या मैदानावर १९-१६ असे हरले.

प्रेशरच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र करण्याची. सॅक झाला की नाही याबद्दल दुमत नसते. प्रेशर मात्र पाहणाऱ्याच्या व्याख्येवर ठरते. प्रो फुटबॉल फोकसची माणसे चित्रफीत पाहून नोंद करतात, प्रो फुटबॉल रेफरन्सवरची आकडेवारी अधिक कडक व्याख्येने येते, तर एनएफएलची नेक्स्ट जेन स्टॅट्स ही व्यवस्था खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये बसवलेल्या चिपवरून सेकंदाला दहा वेळा स्थान टिपते. परिणाम असा की एका ठिकाणी लीगची सरासरी वीस-पंचवीस टक्के दिसते, तर दुसऱ्या ठिकाणी जवळपास एक-तृतीयांश. म्हणून एक स्रोत निवडावा, हंगामभर त्यालाच धरून राहावे आणि संघाची तुलना त्याच स्रोताच्या लीग-सरासरीशी करावी.

आता आपल्या दोन संघांकडे वळू. समजा, सैल व्याख्येच्या स्रोतानुसार ‘अ’ने ७०० संधींत २६० वेळा प्रेशर आणले, म्हणजे ३७ टक्के. ‘ब’ने ५५० संधींत १६५ वेळा, म्हणजे ३० टक्के. ‘अ’च्या दर शंभर प्रेशरमागे १८-१९ सॅक झाले, ‘ब’च्या शंभरामागे २५. या व्याख्येत साधारणपणे पाच प्रेशरमागे एक सॅक पडतो. म्हणजे ‘अ’ त्याच्या कामाच्या मानाने किंचित कमी सॅक घेऊन बसला आहे आणि ‘ब’च्या पदरात कामापेक्षा बरेच जास्त पडले आहेत. ‘ब’ने याच दराने प्रेशर आणत राहिले, तर पुढच्या वर्षी ४२ ऐवजी ३३च्या आसपास सॅक अपेक्षित धरावे. प्रेशरचे सॅकमध्ये रूपांतर होण्याचे प्रमाण बचावफळीच्या हातात फारसे नसते. ते प्रामुख्याने समोरच्या क्वार्टरबॅकवर ठरते. पेटन मॅनिंगचे संपूर्ण कारकिर्दीतले सॅकचे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते, आणि त्यामागे त्याच्या लाइनपेक्षाही चेंडू वेळेवर सोडण्याची त्याची सवय होती.

किती वेळात आणि किती माणसांत

माझ्या दृष्टीने हा तपासणीचा गाभा आहे. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक स्नॅपपासून (चेंडू मागे देऊन डाव सुरू होण्यापासून) चेंडू सोडेपर्यंत सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. चौथ्या सेकंदाला आलेले प्रेशर बहुतेक वेळा कव्हरेजची कमाई असते: मागच्या फळीने सर्वांना झाकून ठेवले, क्वार्टरबॅकला कोणी मोकळे दिसले नाही आणि रशरला दुसरा प्रयत्न करायला अवधी मिळाला. ते वाईट नाही, पण त्याचे श्रेय मागच्या फळीतल्या कॉर्नरबॅक आणि सेफ्टींना द्यायला हवे. ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा पास रश विन रेट नेमका हा गोंधळ टाळण्यासाठी बांधलेला आहे. रशरने अडीच सेकंदांच्या आत आपल्या ब्लॉकरला मागे टाकले की नाही, एवढेच त्यात मोजतात. क्वार्टरबॅकने पुढे काय केले याच्याशी त्याला देणेघेणे नाही. संघाचा विन रेट उंच आणि सॅक कमी असतील, तर बहुधा कव्हरेज ढिले आहे किंवा प्रतिस्पर्धी झटपट पास करून सुटका करून घेत आहेत. उलट चित्र असेल, तर सॅक कोठून येत आहेत याचा शोध घ्यावा.

दुसरा प्रश्न माणसांचा. पाच किंवा अधिक रशर पाठवले की त्याला ब्लिट्झ म्हणतात. पाच ब्लॉकरसमोर सहा माणसे पाठवली तर कोणी ना कोणी अडवल्याशिवाय आत शिरणारच, आणि त्याची किंमत मागे कमी उरलेल्या बचावपटूंच्या रूपाने मोजावी लागते. म्हणून संघाचे प्रेशरचे प्रमाण दोन भागांत काढावे: चार रशर असताना किती आणि ब्लिट्झवर किती. केवळ ब्लिट्झवर जगणारा संघ दुबळ्या क्वार्टरबॅकसमोर भयंकर वाटतो, पण ब्लिट्झ ओळखून मोकळ्या जागेत चेंडू टाकणाऱ्यासमोर तो उघडा पडतो. फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्ये टॅम्पा बे बकनिअर्सनी महोम्सवर क्वचितच ब्लिट्झ केला, सॅकही तीनच केले, पण ईएसपीएनच्या मोजणीनुसार २९ वेळा प्रेशर आणले, आणि महोम्सचा संघ एकही टचडाउन न करता ३१-९ असा हरला. चार माणसांनी काम भागत असल्यामुळे सात जण मागे कव्हरेजला मोकळे राहिले होते.

चार माणसांतही एक बारकावा आहे. आजकाल अनेक संघ रांगेवर सहा-सात जण उभे करतात, त्यांतले काही मागे हटतात आणि अनपेक्षित ठिकाणाहून एखादा लाइनबॅकर किंवा कॉर्नर येतो. एकूण रशर चारच असल्याने हे ब्लिट्झमध्ये गणले जात नाही. अशा डावातून न अडवलेला रशर आत शिरला, तर तो प्रशिक्षकाच्या आखणीचा विजय आहे. तोही खरा विजयच, पण प्रशिक्षक दुसऱ्या संघाकडे गेला की तो त्याच्याबरोबर जातो.

समोर कोण होते आणि गुणफलक काय सांगत होता

टॅम्पाच्या त्या विजयाचे मोल ठरवताना एक गोष्ट वगळता येणार नाही: चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल (लाइनच्या टोकांचे ब्लॉकर), एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, त्या दिवशी दुखापतीमुळे बाहेर होते. २०२५च्या सामन्यातही चीफ्सच्या डाव्या टॅकलच्या जागी जो थुनी हा मुळातला गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा ब्लॉकर) उभा होता. याउलट २०२३मध्ये ईगल्ससमोर धडधाकट, जमलेली लाइन होती आणि चेंडू झटपट सोडण्याची आखणी होती. शिवाय मैदान इतके निसरडे होते की दोन्ही संघांचे खेळाडू घसरत होते, आणि वळण घेत धावणाऱ्या कडेच्या (एज) रशरचे अशा जमिनीवर सर्वाधिक नुकसान होते. म्हणून ७० सॅकवाला संघ नालायक होता किंवा दोन वर्षांनंतरचा संघ दुप्पट चांगला होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब करण्याची सोपी रीत अशी. प्रत्येक सामन्यासाठी समोरच्या संघाने हंगामातल्या इतर सामन्यांत किती टक्के प्रेशर सोसले ते पाहावे. आपण तपासत असलेला सामना त्यातून वगळावा. तो संघ एरवी २८ टक्के सोसतो आणि आपल्या संघाने ३६ टक्के आणले, तर अधिक आठ लिहावे. एरवी ४२ टक्के सोसणाऱ्या संघासमोर ३८ टक्के आणले, तर वजा चार. हंगामअखेर या आकड्यांची सरासरी घेतली की दुबळ्या लाइनसमोर जमवलेली कमाई आपोआप गळून पडते. वहीत किंवा साध्या एक्सेलमध्ये हे काम एका बैठकीत होते, आणि मला तरी या एका स्तंभाने इतर कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त शिकवले आहे.

गुणफलकाबाबत थोडक्यात. आघाडीवर असलेल्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याला पास करावाच लागतो, आणि थर्ड डाउनला आठ-दहा यार्ड हवे असताना रशर धावण्याच्या डावाची पर्वा न करता कान टवकारून सुटतात. उत्तम आक्रमण असलेल्या संघाचा पास रश त्यामुळे आहे त्याहून चांगला भासतो. फरक दहा गुणांच्या आत असतानाचे आणि पहिल्या-दुसऱ्या डाउनचे आकडे वेगळे काढता आले तर अवश्य काढावेत. स्क्रीन पास (जवळच्या खेळाडूला झटपट दिलेले छोटे पास) आणि दोन सेकंदांच्या आत सोडलेले चेंडूही बाजूला ठेवावेत, कारण तेथे कोणताही रशर पोहोचू शकत नाही.

चित्रफीत पाहताना

आकडे येथवर आणून सोडतात. पुढे डोळ्यांनी पाहावे लागते. दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण चेंडूमागे धावते, म्हणून शक्य असल्यास प्रशिक्षक वापरतात ती, गोलपोस्टच्या मागून घेतलेली चित्रफीत पाहावी. एका सामन्यातले केवळ पास करण्याचे डाव निवडावेत आणि प्रत्येक डाव किमान दोनदा पाहावा: पहिल्यांदा फक्त कडेचे दोन रशर, दुसऱ्यांदा फक्त आतले.

कडेला पाहताना टॅकलची कंबर पाहावी. ती कडेच्या रेषेकडे पूर्ण वळली असेल, तर तो हरला आहे आणि केवळ मागे पळतो आहे. पण रशर क्वार्टरबॅकच्या पाठीमागे आठ-नऊ यार्डांवरून गोल फिरून जात असेल, तर त्या वेगाचा उपयोग शून्य आहे, कारण क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे टाकून शांतपणे चेंडू सोडतो. ते पुढचे पाऊल हिरावून घेण्याचे काम आतले खेळाडू करतात. म्हणूनच आतून येणारे प्रेशर मला कडेच्या प्रेशरपेक्षा मोलाचे वाटते, आणि म्हणूनच फेब्रुवारी २००८च्या सुपर बोलमध्ये जायंट्सनी जस्टिन टकसारख्या कडेवरच्या एंडला पासच्या डाउनला आत आणून टॉम ब्रेडीच्या अगदी तोंडावर माणूस उभा केला होता.

फेब्रुवारी २०२२च्या सुपर बोलमधला सिनसिनाटी बेंगल्सचा शेवटचा डाव सावकाश पाहावा. रॅम्स २३-२० असे पुढे आहेत, एका मिनिटाहून कमी वेळ उरला आहे, फोर्थ डाउन आहे आणि हवा आहे एकच यार्ड. रॅम्सचा आरन डोनल्ड गार्डला झपाट्याने मागे टाकतो आणि बरो चेंडू धरून नीट उभा राहण्याच्या आतच त्याला मिठी घालून फिरवतो. दूरवर जमार चेस मोकळा होत चालला आहे. बरोला आणखी अर्धा सेकंद मिळाला असता, तर तो पास निघाला असता. बरो फिरता फिरता जवळच्या खेळाडूकडे चेंडू भिरकावतो आणि तो जमिनीवर पडतो. रॅम्सनी त्या दिवशी सात सॅक केले होते, पण किताब ज्या डावाने निश्चित झाला तो सॅकच्या रकान्यात नाही. याच सामन्यात दुसरेही पाहावे: डोनल्डवर दोन ब्लॉकर लावले की शेजारच्याला एकटा ब्लॉकर मिळतो. संघाच्या पास रशमध्ये असा एक खेळाडू आहे का, आणि असल्यास शेजारचे त्याचा लाभ उठवतात का, हे चित्रफितीखेरीज कळत नाही.

वहीत प्रत्येक डावासाठी चार गोष्टी लिहिल्या तरी पुरे: रशर किती, पहिले प्रेशर कोणाकडून, ते अडीच सेकंदांच्या आत की नंतर, आणि तो ब्लॉकरला हरवून आला, स्टंटने (रशरांनी आपसांत वाटा बदलून) मोकळा झाला की कोणी अडवलेच नाही. वेळेसाठी मोबाइलवरचे स्टॉपवॉच चालते. पाचवी गोष्ट म्हणून क्वार्टरबॅक निसटला का, हे लिहावे. ११ नोव्हेंबर १९९० रोजी कॅन्सस सिटीच्या डेरिक थॉमसने सिएटलच्या डेव्ह क्रीगचे सात सॅक केले, जो एका सामन्यातला वैयक्तिक विक्रम आहे. अखेरच्या डावात आठवा सॅक त्याच्या हातात आलाच होता. क्रीग त्यातून सुटला, त्याने टचडाउनचा पास टाकला आणि सिएटल १७-१६ असे जिंकले. लामार जॅक्सन किंवा जॉश अ‍ॅलनसारख्या पळणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर आपापली वाट न सोडणारा, थोडा सावकाश रश अनेकदा अधिक चांगला असतो, आणि अशा सामन्यातले घटलेले विन रेट वाचताना हे लक्षात ठेवावे.

किती सामन्यांनंतर मत बनवावे

चार सामन्यांत साधारण दीडशे पासचे डाव होतात. एवढ्यात सॅकमधला तीन-चारचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. प्रेशरची संख्या मोठी असल्याने तिच्यावर लवकर विसंबता येते. सहाव्या-सातव्या सामन्यानंतर प्रेशर आणि विन रेट यांवर मत बनवायला हरकत नाही, सॅकवर मात्र हंगाम संपेपर्यंत बनवू नये. अधूनमधून चौथ्या क्वार्टरचे आकडे वेगळे पाहावेत, कारण बदली रशर नसलेल्या संघाचा जोर तेथे ओसरतो.

एखाद्या प्लेऑफ सामन्याआधी हे सारे वापरायचे असेल, तर तीन ओळी शेजारीशेजारी लिहाव्यात: आपल्या संघाचे चार रशरवरचे प्रेशर, समोरच्या क्वार्टरबॅकचा चेंडू सोडण्याचा सरासरी वेळ, आणि समोरच्या पाच ब्लॉकरपैकी त्या दिवशी प्रत्यक्ष कोण खेळणार. तिसरी ओळ सामन्याच्या दोन दिवस आधीच्या दुखापतींच्या अहवालानंतर पुन्हा तपासावी. टॅकल बदलला असेल, तर हंगामभर जमवलेल्या पहिल्या दोन ओळींपेक्षा तिला जास्त वजन द्यावे.